राजवटकालीन वेल

विश्वंभर चिटणीस यांनी चौतीस वर्षं बडोद्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि त्या चौतीस वर्षांत त्यांना एकही नवी वनस्पती सापडली नाही. तशी ती बहुतेक प्राध्यापकांना सापडत नाही आणि त्यावाचून कुणाचं अडतही नाही. पण विश्वंभररावांचे एकेकाळचे सहकारी लक्ष्मण बर्वे यांच्या नावाने एक गवत होतं. वीतभर उंचीचं, गुरंही तोंड लावणार नाहीत असलं गवत. पण त्याच्या लॅटिन नावाच्या शेपटाला 'बर्वेई' लागलं होतं. बर्वे जाऊन सहा वर्षं झाली, तरी गवत दर पावसाळ्यात उगवायचं आणि विश्वंभररावांच्या पोटात दर पावसाळ्यात दुखायचं.

निवृत्तीनंतर ते आणि सरोजिनीबाई बडोद्याच्याच गोत्री भागातल्या एका सोसायटीत राहायला आले. सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत कांस होती. कांस म्हणजे पावसाचं पाणी नदीकडे नेणारा नाला. निदान कागदोपत्री तरी. एरवी तिच्यातून काय वाहतं ते न विचारलेलंच बरं. जानेवारीतल्या एका सकाळी फिरून येताना विश्वंभररावांना कांसेकाठच्या तारेवर एक फूल दिसलं. वांग्याच्या रंगाचं, घंटेसारखं, आत पिवळाधमक डोळा. पान तीन बोटांचं. वेलीने तार तर गिळलीच होती, शेजारच्या बाभळीलाही गळामिठी घातली होती. त्यांनी फूल हुंगलं. शिळ्या कढीचा वास आला. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हे आपल्याला ओळखता येत नाहीये.

आयुष्यभर अज्ञान झाकण्यात तरबेज झालेला तो माणूस त्या सकाळी स्वतःच्या अज्ञानावर इतका खूष झाला, की तारेत अडकून शर्ट फाटला तेही त्याला कळलं नाही.

"शर्ट फाटलाय," दार उघडताच सरोजिनीबाई म्हणाल्या. त्या रेल्वेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि उत्तराआधी चूक दिसायची त्यांची सवय गेली नव्हती.

"फाटू दे गं. मला काहीतरी सापडलंय."

"चष्म्याचं घर? मी परवापासून शोधतेय."

विश्वंभररावांनी मांडवीच्या बाजारात जाऊन टिपकागद आणि जाड पुठ्ठे आणले. फुलं-पानं कागदात घालून वर गव्हाचा डबा ठेवला. चार दिवस भिंग आणि जुने ग्रंथ घेऊन ते पाकळ्या मोजत बसले. पाचव्या दिवशी सरोजिनीबाईंनी मोबाईलमधल्या एका अ‍ॅपने फुलाचा फोटो काढला आणि तीन सेकंदांत नाव सांगितलं. मूळ दक्षिण अमेरिका. हल्ली अमेरिकेतल्या बागांतून हौसेने लावतात. विश्वंभररावांनी "असल्या खेळण्यावर माझा विश्वास नाही" असं म्हणत ते नाव निमूटपणे उतरवून घेतलं, मग सगळ्या याद्या धुंडाळल्या. भारतात नोंद नाही. हे तीन शब्द त्यांनी एवढ्या वेळा मनाशी घोळवले, की रात्री वरणात मीठ नाही हे त्यांना जेवण झाल्यावरही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मनालीला फोन केला. मनाली त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता स्वतः शिकवत होती आणि तिचे निबंध बाहेरच्या नियतकालिकांत छापून येत होते. ती त्याच दिवशी स्कूटरवरून आली, कांसेत उतरली, चिखलाने पाय माखून वर आली आणि म्हणाली, "सर, ही नोंद खरंच पहिली आहे. अभिनंदन."

विश्वंभररावांनी घसा खाकरला. बर्वे असते तर किती बरं झालं असतं, असं त्यांना त्या क्षणी मनापासून वाटलं.

"फक्त एक बघा," मनाली म्हणाली. "ही आली कुठून ते शोधायला हवं. आसपास कुणी बागेत लावलीय का?"

"नाल्याच्या काठी कोण बाग करणार?"

"तरी विचारून घ्या, सर."

विचारायची वेळच आली नाही. दोन दिवसांनी पार्किंगमध्ये रंजनबेन पटेल भेटल्या. चौथ्या मजल्यावर राहायच्या, गच्चीच्या खाली. जन्म मराठी शेजारात गेल्यामुळे त्या मराठी बोलायच्या ती बडोद्यात बोलतात तशी. शब्द मराठी, शेपूट गुजराती.

"चिटणीसभाई, सांभळ्युं की तुम्हाला वेलीचा बहु शोख लागलाय? वर या ने! माझी वेल बघा."

गच्चीवर पाण्याच्या टाकीला वेढून, डिशच्या छत्रीवर चढून, वाळत घातलेल्या पापडांच्या खाटेपर्यंत ती पोचली होती. तीच वांगी फुलं, तीच कढी. विश्वंभरराव टाकीला टेकले.

"न्यू जर्सीवाळी आहे," रंजनबेन कौतुकाने म्हणाल्या. "डिकरीच्या, मुलीच्या आंगणात होती. मी म्हटलं, आपल्या गच्चीवर काय सरस दिसेल! पण एअरपोर्टवर बी घेऊन जाऊ देत नाहीत ने. मग मुखवासच्या डब्बीत नाखली. वरियाळीमध्ये, बडीशेपमध्ये बी कोण ओळखणार? साहेबने डब्बी उघडली, मी म्हटलं, ल्यो, खा! तो हसला, मी आली."

"मग खाली कांसेत कशी गेली?"

"बहु वाढते. माळी दर महिन्याला कापतो ने भिंतीच्या पाठी फेकतो."

म्हणजे विश्वंभररावांचा शोध कचऱ्यातून उगवला होता. त्यांनी जड आवाजात मनालीला सगळं सांगितलं. मनालीला मात्र आनंद झाला.

"मग तर उत्तमच झालं, सर! बागेतून निसटून रानात रुजलेली. मार्ग कळला, काळ कळला. नोंद तशीच राहते, उलट पक्की होते. फक्त निबंधात स्पष्ट लिहायचं, आणि ती लवकर उपटायला हवी हेही लिहायचं. फार झपाट्याने पसरतेय."

"आणि त्या बाईंचं नाव?"

"त्यांची हरकत नसेल तर आभारात घालू."

विश्वंभररावांनी फोन ठेवला. चौतीस वर्षांनी एक वेल सापडते, आणि तिच्या इतिहासात आपल्या आधी एक मुखवासची डबी! बर्वे घाटात जाऊन, जळवा लावून घेऊन गवत आणतात, आणि आपल्या वाट्याला चौथ्या मजल्यावरच्या माळ्याचा केर. त्यांना हे शास्त्राला शोभण्यासारखं वाटेना.

शास्त्राला नसेल, पण इतिहासाला शोभेल अशी वाट प्रतापराव शिर्क्यांनी दाखवली. प्रतापराव 'राजवट वारसा मंडळा'चे अध्यक्ष. पणजोबा सरदार, आजोबा जहागीरदार, वडील वकील आणि स्वतः ते फरशांचे डीलर. पण कार्यक्रम कुठलाही असो, अगदी सोसायटीच्या लिफ्टचं उद्घाटन असलं, तरी प्रतापराव जरीच्या पागोट्यात. वेलीची कुणकुण त्यांच्या कानावर गेली होती.

"प्राध्यापकसाहेब, एक विचारतो," ते सोफ्यावर बसताच म्हणाले. "महाराजांच्या काळी परदेशातून झाडं यायची. ही त्यातली तर नव्हे?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं. विश्वंभररावांनी चहाचा घोट घेतला.

"शक्यता नाकारता येत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे आहे!"

"तसं... आमचे पणजोबा संस्थानच्या बागखात्यात होते."

स्वयंपाकघरातून सरोजिनीबाईंचा आवाज आला. "जकातीत होते. बागखात्यात अकरा महिने कुंड्या मोजायला पाठवले होते."

"तेच ते," विश्वंभरराव म्हणाले.

व्याख्यान अलकापुरीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये ठरलं. विषय: 'चिटणीस घराणे आणि बडोद्याची हरितसंपदा'. शंभरावर माणसं आली. निम्मी वारशासाठी आणि निम्मी नंतरच्या बटाटेवड्यासाठी. विश्वंभरराव बोलायला उभे राहिले तेव्हा सावध होते. पहिल्या दहा मिनिटांत "असे वाटते", "संभव आहे" असं सांभाळून चालले होते. मग टाळ्या पडल्या. टाळ्यांनंतर 'संभव' गेला, दुसऱ्या टाळ्यांनंतर 'वाटते' गेलं, आणि शेवटी पणजोबा स्वतः बंदरावर जाऊन बोटीतून वेलीची कुंडी मांडीवर घेऊन बडोद्याला आले.

"याचं दप्तर असेल ना?" मागून कुणीतरी विचारलं.

"होतं," विश्वंभरराव म्हणाले. "पुरात गेलं."

सभागृहाने हळहळून माना डोलावल्या. बडोद्यात कुठल्याही कागदाला पुराइतका खात्रीचा साक्षीदार मिळत नाही.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून रंजनबेन उठल्या. त्यांना प्रतापरावांनीच पास दिला होता.

"अरे चिटणीसभाई, आ तो मारी वेल छे! मी मुखवासमध्ये आणली ती!"

लोक हसले. विश्वंभररावांचे कान तापले. पण खोट्याची एक गंमत असते. पहिली पायरी चढायला भीती वाटते, पुढच्या पायऱ्यांना कठडा लागत नाही.

"ताई, तुमची वेल निराळी," ते मंद हसून म्हणाले. "सामान्य माणसाला दोन्ही सारख्याच दिसतात."

रंजनबेन खाली बसल्या. पण 'सामान्य' हा शब्द गुजरातीतही तोच आहे.

तिसऱ्या दिवशी एका गुजराती पेपरच्या आतल्या पानावर रंजनबेनचा फोटो आला. गच्चीवर, वेलीला टेकून, हातात ती डबी. खाली सगळी हकीकत, विमानतळावरच्या साहेबाला मुखवास देऊ केला त्यासकट. सोसायटीत त्या दिवशी रंजनबेनची चलती झाली. सहा बायका बी मागायला आल्या. विश्वंभररावांनी पेपर घडी घालून गादीखाली ठेवला, तो सरोजिनीबाईंनी काढून पुन्हा टेबलावर ठेवला.

पेपर आणखीही कुणीतरी वाचला होता. आठवड्याने एक सरकारी अधिकारी फाईल घेऊन सोसायटीत आला. त्याने रंजनबेनना शांतपणे सांगितलं की परवान्याशिवाय परदेशातून बी आणणं हा गुन्हा आहे, आणि पेपरात त्यांनी तो स्वतःच्या तोंडाने, फोटोसकट कबूल केलेला आहे.

रंजनबेनचा रंग उडाला. त्या अधिकाऱ्याला घेऊन तडक चिटणीसांच्या दाराशी आल्या.

"मी कुठून आणणार साहेब? पेपरवाळा तर काहीही छापतो. ही तर महाराजांच्या वेळची! विचारा, या मोठ्या प्रोफेसरला विचारा. यांच्या परदादांनी आणली. यांना सगळी हिस्ट्री खबर छे!"

अधिकाऱ्याने विश्वंभररावांकडे पाहिलं. रंजनबेननी पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारातून सरोजिनीबाईंनी पाहिलं.

"आपण लेखी देऊ शकाल?" अधिकाऱ्याने विचारलं. त्याच्या आवाजात आशा होती. लेखी मिळालं की फाईल बंद होणार होती. न मिळालं तर पंचनामा, नमुने, दिल्लीला पत्रं आणि वर्षभर तारखा.

विश्वंभररावांनी लेखी दिलं. 'सदर वेल राजवटकालीन असून तिचा कोणत्याही खाजगी व्यक्तीशी संबंध नाही.' खाली सही, हुद्दा, निवृत्त. एका अडचणीतल्या बाईला वाचवलं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि ते निम्मं खरंही होतं. उरलेल्या निम्म्याकडे त्यांनी पाहिलं नाही. रंजनबेननी संध्याकाळी मोहनथाळाचा डबा पाठवला. गच्चीवरची वेल त्यांनी रात्रीतून कापली आणि माळ्याने ती नेहमीप्रमाणे भिंतीपलीकडे फेकली.

मनालीचा फोन आला. तिने पेपर वाचला होता आणि लेखी दिल्याचंही तिला कळलं होतं.

"सर, निबंध तयार आहे. 'बागेतून निसटलेली' असंच लिहिलंय, कुणाचं नाव न घेता. पहिलं नाव तुमचं ठेवलंय. सही कराल?"

सही केली तर सरकारी कागद खोटा ठरणार. नाही केली तर बर्व्यांच्या गवताशेजारी बसायची जागा जाणार. विश्वंभररावांनी विचाराला दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी प्रतापराव आले. मंडळाने कांसेकाठच्या वेलीला कुंपण घालून फलक लावायचं ठरवलं होतं, आणि त्या वेळी विश्वंभररावांचा सत्कार.

"मनाली, माझं नाव काढून टाक," त्यांनी फोनवर सांगितलं. "वयोमानाने आता असले वाद झेपत नाहीत."

"बरं," मनाली म्हणाली. मग म्हणाली, "सर, तुम्हीच आम्हाला शिकवलं होतं, दिसेल ते लिहायचं. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला."

"त्यावेळी समोर तुम्ही पोरं होतात," विश्वंभरराव म्हणाले. फोन ठेवल्यावर आपण हे काय बोललो, याचा त्यांनी बराच वेळ विचार केला आणि मग तो सोडून दिला.

फाल्गुनात कुंपण झालं. हिरवी लोखंडी जाळी, मराठी आणि गुजरातीत फलक, 'राजवटकालीन दुर्मिळ वेल. तोडणाऱ्यावर कारवाई होईल.' पागोटी, शाल, श्रीफळ, रंजनबेनच्या हस्ते औक्षण. दुर्मिळ वेल तोवर जाळीवरून उतरून कांसेच्या पलीकडच्या काठावर गेली होती. चैत्रात दोन कडुनिंब तिच्या खाली दिसेनासे झाले. बाभळीचं नुसतं खोड उरलं. मनालीचा निबंध आला. तिने एक प्रत पोस्टाने पाठवली. आभारात विश्वंभररावांचं नाव नव्हतं. तेही त्यांनीच काढायला सांगितलं होतं, तरी त्यांनी ते दोनदा शोधलं.

श्रावणात सलग तीन दिवस पाऊस पडला. कांसेत वेलीचं असं जाळं झालं होतं, की प्लास्टिक, लाकडं, एक मोडकी खुर्ची, सगळं त्यात अडकलं आणि पाणी वळून सोसायटीत शिरलं. पार्किंगमध्ये कंबरभर. रंजनबेनची नवी गाडी आरशांपर्यंत बुडाली. तळमजल्यावरच्या चिटणीसांच्या घरात घोट्याइतकं पाणी आलं. गव्हाच्या डब्याखाली पाणी शिरलं आणि टिपकागदातली फुलं भिजून त्यांचा लगदा झाला. त्याचा वास मात्र तसाच होता.

पाणी ओसरल्यावर विश्वंभरराव स्वतः नाल्याचं काम बघणाऱ्या इंजिनिअरकडे गेले.

"ती वेल मुळासकट काढा. आजच्या आज."

इंजिनिअर भला माणूस होता. त्याने फाईल पुढे केली. "साहेब, मी कधीच काढली असती. पण वारसा आहे. हे लेखी बघा, एका मोठ्या तज्ज्ञाचं आहे." मग त्याने सही वाचली आणि मान वर केली. "तुमचंच की हो."

"मग मीच सांगतो, काढा."

"तसं नाही चालणार. पहिलं चुकीचं होतं असं लिहून द्यायला लागेल."

विश्वंभरराव घरी आले. सरोजिनीबाई ओल्या गाद्या उन्हात टाकत होत्या. त्यांनी काही न विचारता कागद आणि पेन आणून दिलं.

"लिहा. वाक्य छोटं आहे. 'वेल राजवटकालीन नाही.' तीनच शब्द."

"अगं, पण मग रंजनबेन अडकतील."

"अडकतील, तर दंड भरतील. घर पुसतेय ना मी, त्याचा दंड कोण भरतंय?"

विश्वंभररावांनी 'वेल' लिहिलं. 'राजवटकालीन' लिहिलं. मग शाल पांघरलेला फोटो त्यांना समोर भिंतीवर दिसला, त्याला पाण्याची रेघ लागली नव्हती. तासाभराने त्यांनी अर्ज पुरा केला: 'वेलीच्या वारशास बाध न येऊ देता, कांसेच्या पात्रातील केवळ अतिरिक्त भाग छाटण्यात यावा.' सरोजिनीबाईंनी वाचला आणि परत त्यांच्या हातात दिला. त्यांनी एवढंच म्हटलं, "मराठी छान आहे तुमचं."

परवानगी यायला नवरात्र उजाडलं. मजुरांनी कुंपणाबाहेरची वेल कापली, ट्रॅक्टरमध्ये भरली आणि नदीकाठच्या मोकळ्या जागेत नेऊन ओतली. कुंपणातली मुळं जशीच्या तशी राहिली, कारण ती मुळं वारशात मोडत होती. डिसेंबरात मनालीचा दुसरा निबंध आला. वेल आता नदीकाठी चार ठिकाणी रुजलेली आढळली होती, आणि ती कशी पोचली याबद्दल तिने, दिसलं ते, साध्या शब्दांत लिहिलं होतं.

निबंध विश्वंभररावांनी जेवायच्या टेबलावर वाचून संपवला, तेवढ्यात प्रतापरावांचा फोन वाजला. नदीकाठी राजवटकालीन वेलीचा एवढा मोठा पसारा सापडल्याची बातमी त्यांना कळली होती. तिथे मंडळ दुसरा फलक लावणार होतं. पहिल्यापेक्षा मोठा, आणि या वेळी इंग्रजीतही. दोन शब्द बोलायला प्राध्यापकसाहेबच हवेत.

विश्वंभररावांनी सरोजिनीबाईंकडे पाहिलं. त्यांनी ताट उचललं आणि आत नेलं.

"किती वाजता?" विश्वंभररावांनी फोनमध्ये विचारलं.